सुकाणू तिच्या हातात होतं

बायकोच्या तेराव्याला आलेल्या बायका माझ्यासमोरच म्हणाल्या, "बिचारीनं लय सोसलं. नवऱ्याला नावंचं याड, हिला गपगुमान मागं जावं लागलं." मी मान खाली घालून ऐकलं. ही समजूत माझ्याच तोंडून पसरलेली होती, म्हणून ती मीच मोडतो.

सत्तरच्या दशकात आमच्याकडे शिडाची नाव होती. आम्ही वडूजकडच्या कोरड्या मुलखातले, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातले. मी नौदलातून सुटून माधवनगरच्या एका गिरणीत फिटर झालो होतो. नौदलात होतो म्हणून नाव माझी हौस, असं सगळ्यांनी धरून चाललं. पण मी तिथे इंजिनखोलीत होतो. वारा कुठून येतो हे मला तिथे कुणी विचारलं नाही आणि मला कळतही नव्हतं.

हौस तिची होती. दिवाळीनंतर तिच्या माहेरची माणसं मेंढरं घेऊन घाट उतरायची, घोड्यावर बिऱ्हाड लादून. खाडीकाठच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवलेली असताना तिने लहानपणी शिडं पाहिली होती. लग्नानंतर एकदा ती म्हणाली, "आपुनबी एक घिऊ या की. तुमची आगबोट नगं, धूर वकती." जयगडच्या खाडीत एका म्हाताऱ्याची नाव पडून होती. पूर्वी ती कौलं वाहायची, ट्रक आल्यापासून तिला काम नव्हतं. ती आम्ही घेतली आणि मागच्या भागावर बांबूच्या चटयांचं छप्पर घातलं. दोघांना झोपायला आणि स्टोव्ह ठेवायला तेवढं पुरायचं.

माझ्या हातात सुकाणू आलं की नाव बैलाच्या मुतासारखी वाकडीतिकडी जायची. तिच्या हातात आलं की सुतात चालायची. "कसं जमतं गं तुला?" मी विचारायचो. "मेंढरं हाकल्यागत हाय. मधी बघायचंच न्हाई. कडंला बघायचं. शिडाची कड थरथराय लागली, की वळवायचं. तुमी बोलू नगासा, दोरी वडा." मी दोरी ओढायचो आणि पिठलं करायचो. रजा मिळेल तसं विजयदुर्ग, हर्णै, किनारा धरून जायचो. आम्ही फार सुखात होतो. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

मग दुष्काळ पडला. गावातली विहीर खडखडीत, माणसं खडी फोडायला. मी पगारातून घरी धान्य पाठवत होतो, पण बोलणाऱ्यांना त्याचं काय? "हितं घोटभर पानी न्हाई, आन् ह्यो खाऱ्या पान्यात नाव हाकतुय!"

त्या वर्षी पावसाळ्याआधी सुकाणू किड्याने खाल्लेलं दिसलं. गावच्या सुताराकडून बाभळीची फळी जोडून घ्यावी म्हणून आम्ही ते एसटीच्या टपावर टाकून गावी आणलं. कंडक्टर म्हणाला, "पाव्हनं, ह्येचं हाप तिकीट काडू का फुल?" ती म्हणाली, "तुमच्या गाडीला लावा की, लय हेलकावं खाती." सगळी गाडी हसली.

सुताराचं काम झालं आणि बेंदूर, आमच्याकडचा बैलपोळा, आला. माझ्या थोरल्या भावाने वैरणीअभावी बैलजोडी महिन्यापूर्वीच विकली होती. दावणीला काही नव्हतं. सकाळी तिने ते सुकाणू धुतलं, लाल हुरमुंजाने रंगवलं, बैलांच्या राहिलेल्या घुंगरमाळा त्याला बांधल्या आणि दावणीपाशी उभं करून भाकरीचा निवद दाखवला. तिच्या लेखी जे आपल्याला पुढे नेतं त्याची बेंदराला पूजा करायची, एवढंच होतं. रिकाम्या दावणीपाशी लाकूड उभं करणं भावाला किती लागेल, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

भाऊ दारात आला आणि त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. गल्लीतली माणसं गोळा झाली होती. तो तिच्याशी थेट बोलत नसे. मलाच म्हणाला, "माझ्या बैलांच्या जाग्यावर लाकूड? कुनाचं काम ह्ये? हिचं आसंल, तर आत्ताच्या आत्ता म्हायेरला धाड."

ती पदर सावरून पुढे आली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "माझं. नावंचं याडबी माझंच. तिला मीच नेतो, ती नगं म्हनती."

"मग तू नीघ. नाव इकशील तवा ये."

आम्ही निघालो. नाव विकली नाही.

माधवनगरच्या खोलीवर आलो. मला वाटलं होतं, तिला वाचवलं म्हणून बरं वाटेल. दार लावून ती म्हणाली, "म्हायेरी ग्येले आसते तरी चार दिसांनी आले आसते परत. पर तुमी माझं सुकानू समद्या गावाम्होरं तुमच्या नावावर क्येलंसा. मी 'नगं' म्हनते व्हय? कवा म्हनलं?"

"सांगतो की मी दादाला. जरा थंड होऊ दे."

"कवा?"

मी सांगितलं नाही. आधी भाऊ रागात होता, मग मला न सांगण्याची सवय झाली. बंदरावर कुणी "तांडेल कोण? नाव कोण हाकतं?" विचारलं की मी तिच्याकडे बोट दाखवायचो. खलाशी हसायचे, आणि ती नाव धक्क्याला लावायची तेव्हा हसायचे थांबायचे. पण घाट चढून वर आलो की मी गप्प. पुढे नाव कुजली, मोडीत गेली, गावी जाणं-येणं पुन्हा सुरू झालं, तरी गप्प. मला गावाने वेडा ठरवलं त्याचं काही नाही. तिला मुकी गाय ठरवलं.

तेराव्यानंतर मी भावाकडे गेलो. तो नव्वदीला टेकलाय, कानांनी धड आहे. सगळं सांगितलं. त्याने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मेलेल्या बाईला आता कशापायी बदनाम करतुयास रं? लोकं चांगलं बोलत्यात तिच्याबद्दल."

म्हणून हे लिहायला बसलो. बाईने नाव हाकली ही बदनामी असेल, तर ती होऊ दे, आणि ती पुरती होऊ दे. वादळी वाऱ्यात जयगडच्या तोंडाशी मी दोरी सोडून उभा राहिलो, तेव्हा ती "बसा खाली!" म्हणून माझ्यावर ओरडली होती, आणि मी बसलो होतो.