कोठ्यातल्या फ्रेजेस

माझी बायको आमच्या घरामागच्या कोठ्यात दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायची. गुरं विकल्यावर कोठा रिकामा पडला होता. तिने तो सारवून घेतला, गव्हाणीवर फळी टाकून बाक केला आणि भिंतीला काळा रंग देऊन फळा. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. घरात दोन भाषा होत्या, आणि आवाज एकीलाच होता.

तिचा जीव फ्रेजेसवर. इन स्पाइट ऑफ, इन्स्टेड ऑफ, बिकॉज ऑफ, ऑन बिहाफ ऑफ. परीक्षेत वाक्यात उपयोग करा म्हणून येतात त्या. मुलं गाइडमधली वाक्यं पाठ करून आणत. पाऊस असूनही तो स्टेशनवर गेला. ती विचारायची, "हा कोन? तुया कोन लागते? आन कोनत्या स्टेशनवर गेला?" पोराला सांगता यायचं नाही. मग ती म्हणायची, ज्या माणसाची आपली ओळख नाही, तो भिजो नाहीतर कोरडा राहो, आपल्याला काय करायचं?

म्हणून तिने नियम केला. वाक्य खरं पाहिजे, आपल्या घरातलं किंवा गल्लीतलं पाहिजे, आणि आधी इंग्रजीत म्हणून मग आपल्या भाषेत सांगितलं पाहिजे. खोटं वाक्य व्याकरणात कितीही बरोबर असलं तरी तिच्याकडे शून्य.

या नियमाने गावाची जी अब्रू गेली ती कोणत्याही निवडणुकीत गेली नव्हती. माळकरी घरातल्या एका मुलीने लिहिलं, इन स्पाइट ऑफ ग्रॅण्डमदर, वी ईट एग्ज ऑन संडे. आजीची नजर अधू, तिला ते बटाटे वाटत. एकाने लिहिलं की त्याचा काका पोहरादेवीच्या जत्रेत काकूला शोधत होता, बट नॉट इन अ हरी. दूध घालणाऱ्या एका माणसाच्या मुलाने इन्स्टेड ऑफचा उपयोग असा केला की दुसऱ्या दिवशी बाप सकाळीच आमच्या दारात. पोराला हेच शिकवता का, असं तो बराच वेळ विचारत राहिला. तिने वही मागवली, वाक्य पुन्हा वाचलं आणि वही त्याच्या हातात दिली.

"वाक्य बरोबर हाये, भाऊ," ती म्हणाली. "दूध सुधरवा."

मीही सुटलो नाही. एका मुलाने लिहिलं, इन फ्रंट ऑफ मॅडम, सर डझ नॉट स्पीक. तिने त्याला पैकीच्या पैकी दिले, वही स्वयंपाकघरात आणली आणि मला वाचून दाखवली. मी काही बोललो नाही. तिने वाक्याखाली आणखी एक बरोबरची खूण केली.

या वर्षी सोयाबीन निघून गेलं होतं आणि तूर फुलावर होती, तेव्हा ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, वाशिमला पोचेपर्यंत काही राहिलं नाही. वाटेत तिने मला दोनदा सांगितलं की गॅस बंद केला का ते शेजारणीला फोन करून विचारा. शेवटचं बोलणं म्हणून लोकांना सांगण्यासारखं हे नव्हे, पण तेच होतं.

मग माणसं येऊ लागली. तिचा थोरला भाऊ आसेगावहून आला आणि त्याने सगळं हातात घेतलं. तो चांगला माणूस आहे, हे आधीच लिहून ठेवतो. त्याने पत्रिका छापली, मंडप सांगितला आणि दारावर लावायला मोठा फ्लेक्स करून आणला. फ्लेक्सवर लिहिलं होतं: शांत, सोशिक, मनमिळाऊ, धार्मिक.

शांत म्हणावं, तर तिचा आवाज बसच्या फाट्यापर्यंत जाई. गावातला स्टेशनरीवाला तिच्यामुळे दोन महिने आमच्याशी बोलत नव्हता. पोहरादेवीला ती एकदाच गेली, तेही जत्रेतल्या पाळण्यात बसायला. सोशिक हा शब्द मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. आमच्या दोघांत कोणी सोसलं असेल, तर तो फ्लेक्स चुकीच्या माणसाचा होता.

फोटो त्याहून वाईट होता. स्टुडिओवाल्याने तिला गोरी केलं, डोक्यावर पदर काढून दिला आणि चष्मा पुसून टाकला. चष्म्याशिवाय तिला हातभरावरचा माणूस ओळखू यायचा नाही. आता ती दारावरून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे गोड हसून पाहत होती, आणि तिला त्यातलं कोणीच दिसत नव्हतं.

भेटायला येणारे फ्लेक्स वाचूनच आत येत आणि तेच मला सांगत. किती शांत होत्या. कधी आवाज म्हणून नाही. मी मान हलवायचो. पहिले काही दिवस मला हसू यायचं. आठव्या दिवशी सकाळी उठलो, तिचा चेहरा आठवायला गेलो, तर पदर घेतलेली बाई समोर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. तेव्हा मी घाबरलो. तेरवीपर्यंत एवढी माणसं हेच बोलत राहिली, तर माझी बायको दुसऱ्यांदा जाईल आणि तिच्या जागी मला ही अनोळखी बाई जन्मभर ठेवून घ्यावी लागेल, असं स्पष्ट दिसलं.

मी मेहुण्याला म्हणालो, की फ्लेक्सवरची ही ती नाही. तो दमलेला होता. खाली बसला आणि समजावून सांगू लागला.

"जवाईबापू, गेलेल्या मानसाचं चांगलंच बोला लागते."

"चांगलंच बोलू," मी म्हणालो. "पण तिच्याबद्दल बोलू."

त्याला ते पटलं नाही. त्याच्या बहिणीबद्दल मंडपात वेडंवाकडं कोणी बोललं, तर आसेगावात त्याला तोंड दाखवता येणार नाही, असं तो म्हणाला. त्यात तथ्य होतं. त्याच्या गावात तिने लग्नाआधी जे काय केलं होतं, ते विसरायला लोकांना तीस वर्षं लागली होती.

दहाव्या दिवशी दुपारी दहावीची पाच मुलं कोठ्याच्या दारात उभी दिसली. त्यांच्यात पुढे होती ती मुलगी वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी. तिने सांगितलं, मॅडमनी जायच्या आदल्या दिवशी पाच फ्रेजेस घरून करून आणायला दिल्या होत्या. फळ्यावर अजून आहेत. आता त्या तपासणार कोण?

माझं इंग्रजी तपासण्याच्या लायकीचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी मी आत गेलो, फळा पाहिला आणि म्हणालो की प्रत्येकाने एक फ्रेज घ्या. वाक्य मॅडमवर करा आणि तेरवीला मंडपात म्हणा. नियम तोच.

ती मुलगी जरा विचार करून म्हणाली, "खरं म्हंजे किती खरं, सर?"

"मॅडम घेत होत्या तेवढं."

मेहुण्याला मी एवढंच सांगितलं की मुलं इंग्रजीत श्रद्धांजली देतील; नियम सांगितला नाही. भित्र्या माणसाचे फायदे असतात, त्यातला हा एक. आपल्याकडून कोणाला कशाची अपेक्षा नसते.

तेरवीला मंडप भरला. जेवणाआधी भाषणं झाली. सरपंच बोलले, आमचे जुने मुख्याध्यापक बोलले. शांत, सोशिक, मनमिळाऊ, त्याच क्रमाने. मग मेहुण्याने माइकवर जाहीर केलं की विद्यार्थी इंग्रजीत श्रद्धांजली देतील. त्याच्या आवाजात अभिमान होता. त्या क्षणी मला त्याची खरंच दया आली, पण मी उठलो नाही.

पहिला मुलगा माइकशी गेला. ऑन अकाउंट ऑफ हर टेम्पर, टू डस्टर्स आर ब्रोकन. मग खाली पाहून आपल्या भाषेत म्हणाला, मॅडमच्या रागापायी दोन डस्टर तुटले. मंडपात कोणी हललं नाही. दुसरा म्हणाला, इन नीड ऑफ टी, मॅडम स्टॉप्ड द टेस्ट. चहाची तलफ आली म्हणून चालू चाचणी थांबवली होती, आणि तेवढ्यात सगळ्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं. मागे बायकांत कोणीतरी तोंडाला पदर लावला. तिसऱ्याचं वाक्य असं, की कवितेच्या ऐन मध्यावर मॅडमना झोप लागली आणि आम्ही उठवलं नाही. चौथी म्हणाली, पालीच्या भीतीने मॅडमनी दोन दिवस दारात उभं राहून शिकवलं. आता लोक हसत होते. तेरवीला हसू नये म्हणून दाबत होते, त्यामुळे जास्तच येत होतं. स्टेशनरीवाला डोळे पुसत होता.

शेवटी ती कमी बोलणारी मुलगी. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. या वर्षी बाप तिलाही नेणार होता, कारण लहान भावाला सांभाळायला कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं. पुढचं अर्धंच माहीत होतं.

"अगेन्स्ट द विल ऑफ माय फादर," ती म्हणाली, "मॅडम केम टू अवर हाउस फाइव्ह टाइम्स. शी वॉज नॉट पोलाइट."

मग तिने आपल्या भाषेत सांगितलं. बापाच्या मनात नसताना मॅडम पाच वेळा घरी आल्या. नीट बोलल्या नाहीत.

सगळे बापाकडे वळले. तो कडेला उकिडवा बसला होता. एवढे लोक पाहत आहेत म्हटल्यावर त्याला काही बोलणं भाग पडलं.

"बराबर हाये," तो म्हणाला. "बैल म्हनलं मले. पाचई खेपा." मग म्हणाला, "राहनार हाये आता पोरगी मावशीपाशी."

मंडप हसला, आणि ते हसू आता कोणी दाबलं नाही. मी डोळे मिटले. चष्मा होता. नाकावर घसरलेला, एका काडीला दोरा बांधलेला, आणि त्याच्या वरून ती कोणाकडे तरी रागाने पाहत होती.

मेहुण्याने माइक घेतला आणि पंगत बसवायला सांगितली. जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ आला, हे बरं नाही केलं म्हणाला आणि संध्याकाळच्या आत निघून गेला. जाताना फ्लेक्स गुंडाळून नेला. आता तो आसेगावात त्याच्या ओसरीवर लावलेला आहे म्हणे. तिथे ती शांत आणि गोरी आहे. असू दे. त्यालाही बहीण पाहिजेच.

मंडपवाले खुर्च्या उचलत होते तेव्हा शेजारची म्हातारी आली. ही बायकोबरोबर दर बुधवारी बाजाराला मेडशीला जायची. ती रुसलेली दिसत होती.

"खरंच बोलाचं होतं तं मले काहून नाई उठवलं, मास्तर?"

मी म्हणालो की ते इंग्रजीतलं होतं.

"बुधवारचं तं मलेच मालूम," ती म्हणाली. "ते स्टँडवर कचोरी खाये. दोन. कदी तीन."

इथे सांगायला हवं, की पाच वर्षांपूर्वी मला साखर निघाल्यापासून आमच्या घरात कढई तळणीसाठी चढलेली नव्हती. तुम्ही खात नाही तर मीही खात नाही, असं ती म्हणाली होती, आणि त्यावर मी पाच वर्षं तिचे उपकार मानत होतो. बुधवारी तिला यायला उशीर व्हायचा. बस लेट होती म्हणायची.

"बस कायची लेट?" म्हातारी म्हणाली. "पहिली बस आमी सोडूनच देत राहो. दुसरा घाना निंघेपर्यंत ते हालेच ना तिथून. आन मले म्हने, मास्तरले सांगशीन तं पाह्य."

तेरा दिवसांत पहिल्यांदाच मला तिचा राग आला. चांगला, पोटातून आलेला, तिच्या तोंडावर काढण्याजोगा राग. आता तिच्यासमोर तो मी काढला असता की नाही, हा भाग वेगळा. मी मंडपवाल्याच्या हातातल्या दोन खुर्च्या परत मागून घेतल्या, म्हातारीला एकीवर बसवलं आणि म्हणालो, चहा ठेवतो, तुम्ही पहिल्या बुधवारपासून सांगा.