मर्डोची जिन आणि पेपरमिंटची गोळी

मर्डो मॅकऑले आयुष्यात कशाला चिकटून राहिला असेल, तर तो थोरल्या बहिणीच्या, डोलिनाच्या, मेहेरबानीला. लुइस बेटावर त्याने आधी बोट घेतली, ती किनाऱ्यावरच कुजली. मग मेंढ्या पाळल्या. त्या भटकायच्या आणि शेजाऱ्यांनाच वळवून आणाव्या लागायच्या. पन्नाशी उलटल्यावर त्याला जिन नावाची दारू गाळायचं सुचलं. गोठ्यात तांब्याचं भांडं आलं, बाटल्या आल्या, आणि बाटलीवर दाढी वाढवून काढलेला स्वतःचा फोटो.

जिनला वास हवा रानमर्टलच्या पानांचा, आणि ती झुडपं डोलिनाच्या दलदलीखेरीज जवळपास कुठे नव्हती. डोलिना दारूला शिवत नसे. तरी भाऊ निदान काहीतरी करतोय म्हणून तिने होकार दिला. अट एकच घातली: रविवारी, देवाने नेमलेल्या विश्रांतीच्या दिवशी, एक पानही तोडायचं नाही.

"अगं ताई, मला काय नास्तिक समजतेस?"

"नाही रे. आळशी समजते."

ऑगस्टचा तो आठवडा पावसात गेला. ओल्या पाल्याने जिन कुबट होते, असं मर्डो सांगे. त्याआधीचे कोरडे दिवस त्याने पाहुण्यांना भांडं दाखवण्यात घालवले होते. सोमवारी गाळायचं ठरलेलं. रविवारी लख्ख ऊन पडलं.

चर्चमध्ये तो उशिरा आला आणि डोलिनाशेजारी डोळे मिटून बसला. अंगात लोकरी कोट, खिसे फुगलेले. कोटाला ऊब चढली तसा उग्र, गोडसर वास दरवळू लागला. पुढच्या बाकावरच्या कर्स्टीने मान वळवून पाहिलं. मर्डो आणखीच भक्तिभावाने स्तोत्र म्हणू लागला.

प्रवचन सुरू झालं की डोलिना पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढी. पहिली भावाला, ही लहानपणापासूनची रीत. मर्डोने सवयीने तळहात पुढे केला. तिचा हात त्याच्यासमोरून पलीकडे गेला आणि गोळी म्हाताऱ्या ॲलेकच्या हातात पडली. सगळ्या बाकाने ते पाहिलं. मर्डोचा तळहात बराच वेळ तसाच उघडा राहिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माझ्या दलदलीत पुन्हा पाय ठेवू नकोस."

"मूठभर पाल्यासाठी, ताई?"

"मूठभरासाठीच. दिवसाढवळ्या पोतं भरून नेलं असतंस, तर म्हटलं असतं, हिंमत तरी आहे."

हल्ली पाला मुख्य भूमीवरून टपालाने येतो, वाळवलेला. बाटलीवर फोटो तोच आहे, आणि त्याखाली छापलंय: बेटावर स्वतःच्या हाताने वेचलेला पाला.