नवऱ्याचं नाव किती ठिकाणी लिहायचं

वणीच्या नेत्रशिबिरात मावशीचं नाव पुकारलं जाईना, तेव्हा मी उठून नोंदणीच्या टेबलाशी गेलो. तिथला नोंदणीचा प्रोग्राम मीच लिहिलेला. मावशीचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यातला मोतीबिंदू इतका पिकलेला, की आणखी थांबलात तर हाही जाईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

टेबलावरच्या बाईंनी स्क्रीन पाहून सांगितलं, "या बाईचं तं ऑपरेशन झालं ना."

"अहो, मावशीच्या डोळ्यावर पट्टी दिसून राह्यली का तुमाले?"

"मी काय करू? मशीन दुसऱ्यांदा नाव घेतच नाही."

ऑपरेशन झालं होतं दुसऱ्याच बाईचं. झरी जामणीकडच्या मावशीच्या गावात अर्ध्या घरांचं आडनाव एकच. आधार काढताना म्हाताऱ्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून अंदाजे वय विचारून सरसकट एक जानेवारी ठोकलेली. नाव, आडनाव, गाव, तारीख, सगळं जुळणाऱ्या दोघीजणी निघणारच. म्हणून तर मी प्रोग्राममध्ये नवऱ्याचं नाव वाढवलं होतं.

वाढवलं म्हणजे काय, तर जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत तेच ते गिरवत बसलो. रकाना लिहा, तो भरायचा कसा ते लिहा, वाचायचा कसा ते लिहा, छापायचा कसा तेही लिहा, आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का याची तपासणी पुन्हा वेगळी लिहा. सगळीकडे लिहिलं, नेमकं तपासणीत राहिलं. असल्या कामात डोकं झोपतं, नुसती बोटं चालतात. भाषेला एकदाच सांगता यावं: बाई म्हणजे नाव, नवरा, गाव, तारीख, बाकीचं तू बघ. जावाच्या नव्या आवृत्तीत ही सोय आहे हो! पण शिबिरवाल्यांचा सर्व्हर जुना, आणि त्यांचे साहेब म्हणाले होते, "चालून राह्यलं ना? मंग कायले हात लावता?"

तिथंच पायरीवर लॅपटॉप उघडून मी राहिलेली ओळ घातली. प्रोग्रामला आता दोन बाया दिसायला लागल्या. आत धावलो, अक्षरशः पाया पडलो. पण सकाळची रक्ततपासणी झाल्याशिवाय डॉक्टर हात लावेनात, आणि तपासणारे सामान बांधून निघून गेले होते. पुढचं शिबिर पुढल्या वर्षी. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

मावशीला जीपमध्ये बसवून निघालो. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "वणी सुटली का रे?"

जीप तिच्या घरासमोर उभी होती.