अण्णांचं विमान आणि वहिनींचा बिनसाखरेचा चहा

आमचं विमान हवेत जेवढं राहिलं, त्याच्या कितीतरी पट जास्त आमच्या गप्पांत उडालंय! एक किस्सा काढावा, तर मागून चार निघतात.

गोष्ट पस्तीस-छत्तीस सालची. अण्णांचं नाशकात मोटारदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. मुंबईला जाऊन ते विमान चालवायला शिकले आणि परत येऊन म्हणाले, "आता स्वतःचं बांधू!" इंजिन जुन्या मोटारसायकलचं, पंखांचं कापड सुभानभाई विणकरांचं आणि उचलाउचल माझी.

*

पहिलं उड्डाण दसऱ्याला, गावाबाहेरच्या माळावरून. इंजिनाची पूजा झाली, झेंडूचा हार चढला. आजच्या दिवशी हार काढायचा कसा? अण्णा तसेच उडाले! लिंबाच्या झाडाएवढे वर गेले आणि इंजिन गप्प. विमान धाडकन कांद्याच्या वावरात. कार्बोरेटर उघडला, तर आत झेंडूच्या पाकळ्या!

सुभानभाई म्हणाले, "अण्णा, हार गळ्यात घालते हैं, घशात नाही!"

*

त्या दिवशी वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, घाबरून गेल्या होत्या. पण "उडू नका" म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जिथून उडाल तिथंच परत येऊन उतरेपर्यंत मी चहात साखर घेणार नाही." गोड चहावर वहिनींचा भारी जीव. अण्णांची झोपच उडाली.

*

पुढच्या खेपेला जोशीबुवांकडून मुहूर्त काढला. इंजिन एकदा सुरू झालं की पुन्हा होईलच याची खात्री नाही, म्हणून अण्णांनी ते आधीच सुरू करून ठेवलं. वजन नको म्हणून पेट्रोल बेताचंच घातलेलं. मुहूर्ताची वाट पाहता पाहता ते जळत राहिलं. बरोबर मुहूर्तावर विमान उडालं आणि बांध ओलांडताच बंद पडलं. जोशीबुवा म्हणाले, "मुहूर्त उडण्याचा होता. उतरण्याचा मला कुणी विचारला?"

*

दर वेळी विमान ओढून आणायला शेजारच्या मळ्यातले रामजी बैल घेऊन यायचे. एकदा विमान अजून वरच होतं आणि रामजी बैल जुंपून तयार!

मी म्हटलं, "अहो, उतरू तर द्या!"

"आवाज थांबला न्हवं? मंग बैलांनाबी कळतंय. लय हुशार हायेत!"

*

एकदा मात्र अण्णांचा हात मोडला. वहिनी तडक वर्कशॉपात आल्या. आम्ही माना खाली घातल्या. वाटलं, संपलं सगळं. पदर खोचून त्या म्हणाल्या, "पाना कुठाय? यांनी घट्ट केलेल्या नटांवर माझा भरवसा नाही." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

*

हात बरा झाल्यावर अण्णा पुन्हा बसले. या वेळी विमान खरंच उंच गेलं. गोदावरीपर्यंत जाऊन वळलं. आम्ही टोप्या उडवल्या! आणि तेवढ्यात आवाज थांबला.

रामजींनी बैल जुंपले. वहिनींनी डोळे मिटले.

विमान मात्र घारीसारखं तरंगत आलं. बांध ओलांडला, वावर ओलांडलं, माळावर टेकलं आणि घरंगळत घरंगळत आमच्यापाशी, जिथून उडालं होतं त्याच चुन्याच्या रेघेवर येऊन उभं राहिलं. बैल जुंपलेलेच, ओढायला काही नाही.

अण्णा खाली मान घालून उतरले. "पुन्हा बंद पडलं गं."

वहिनींनी किटलीतला चहा कपात ओतला. मग पदराची गाठ सोडून साखरेची पुडी काढली.

"अहो, मी परत या म्हटलं होतं. इंजिनानंच आणावं असं कुठं म्हटलं होतं?"