नदी मागे टाकली की उत्तर

एल्मर वीब जिना उतरून रस्त्याला लागले तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. ओदील गारियेपी बाल्कनीत उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. बाहेरचा लोखंडी जिना वळणावळणाचा, त्यात पायऱ्यांवर ओली पानं. पाहुणा धडपणे खाली पोचेपर्यंत ती कधी आत जात नसे. म्हाताऱ्याने कठडा घट्ट धरला होता. सांगितलेलं ऐकणारा माणूस होता.

"कोपऱ्यावर मेट्रो!" तिने वरून पुन्हा बजावलं. "दार जड असतं, वारा ढकलतो, खांदा लावा! आणि शेरब्रुकला उतरलात की?"

"उत्तरेकडे चार चौक," ते खालून म्हणाले. "कोपऱ्यावर हिरव्या छपरीचं कॅफे. तीनदा सांगितलंत, बाई."

"आणि आत शिरल्या शिरल्या आधी 'बोंझूर' म्हणा. मग पुढे इंग्रजीत काय ते बोला. आधी 'बोंझूर'."

त्यांनी टोपी हलवली आणि ते गेले.

ओदीलने सव्वीस वर्षं मॉन्ट्रियलच्या रेल्वे स्थानकात चौकशीच्या खिडकीत काढली होती. तिच्या खिडकीशी आलेला माणूस विचारलेल्या ठिकाणी पोचायचाच. एकच घरक्रमांक रस्त्याच्या पूर्वेलाही असतो आणि पश्चिमेलाही, हे ती प्रत्येकाला बोटाने कागदावर दाखवायची. बसच्या थांब्यावर रांग असते, ती मोडू नका. लाल दिव्यावर उजवीकडे गाडी वळवू नका, तुमच्या गावात चालत असेल, मॉन्ट्रियलच्या या बेटावर नाही. जानेवारीत छताच्या कडेखालून चालू नका, वरून बर्फ कोसळतो. नवरा फेर्नां चेष्टेने म्हणायचा, "देवानं स्वर्गाच्या दारात हिला बसवलं तर आत जाणाऱ्यांची रांग दुप्पट वेगाने सरकेल." फेर्नां गेला, नोकरी संपली. मग तिने विलरेमधल्या आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांसाठी नव्हे, खरं तर कुणाला तरी रस्ता सांगायला मिळावा म्हणून.

वीब पश्चिम कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताचे. गव्हाची शेती, वय पंच्याहत्तर. काल रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी खिशातून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं होतं. चष्मा घरी राहिला म्हणाले, पण अक्षर तर मोठं होतं. तिला ते वाचायला द्यायचं होतं इतकंच. पत्र मुलीचं होतं, ग्वेनचं. नऊ वर्षांत बापलेकीचं बोलणं नव्हतं. आई वारली तेव्हा शेत विकण्यावरून काहीतरी बोलाचाली झाली होती, आणि ती जी निघाली ती इथे येऊन राहिली. पत्रात चारच ओळी होत्या. गुरुवारी अकरा वाजता त्या कॅफेत बसेन. साडेअकरापर्यंत थांबेन, मग मला कामावर जायचंय. तुम्ही आला नाहीत तर मी समजेन. पुन्हा लिहिणार नाही.

"पोचाल ना वेळेवर?" ओदीलने विचारलं होतं.

"मी आयुष्यात कधी रस्ता चुकलो नाही," वीब म्हणाले होते.

आता घरात तिला चैन पडेना. चादरी काढल्या, पुन्हा घातल्या. कपबश्या विसळल्या. म्हाताऱ्याच्या खोलीत जाऊन पडदा सरळ केला, तो सरळच होता. साडेदहा. गाडीत बसले असतील. पावणेअकरा. उतरले असतील. ती बाल्कनीत आली. शेजारच्या बाल्कनीत रेजान कुंड्यांतली मेलेली झेंडूची झाडं उपटत होती.

"गेला का तुझा शेतकरी?" रेजानने विचारलं. "भारी वाद घालतो गं. काल संध्याकाळी इथेच उभा होता. मी म्हटलं, बघा, आमच्या रस्त्याच्या उत्तर टोकाला सूर्य कसा छान मावळतो. तर म्हणतो, बाई, सूर्य पश्चिमेला मावळतो. मी म्हटलं, तुमच्याकडे मावळत असेल. आमचा सूर्य आहे, तो कुठे मावळायचा ते आम्ही ठरवू."

ओदील हसली नाही. हातातलं फडकं तिने कठड्यावर ठेवलं.

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. खिशातून घड्याळ काढून दिशा बघतो तसं सूर्याकडे धरलं, मान हलवली आणि आत गेला. का? तुझा चेहरा असा का पडला?"

या शहरात नदी म्हणजे दक्षिण. नदीकडे पाठ करून चाललं की उत्तर. ओदीलची आई तसंच म्हणायची, शाळेतल्या सिस्टर तसंच म्हणायच्या, रस्त्यांच्या पाट्यांवर तसंच लिहिलेलं, आणि सव्वीस वर्षांत लाखभर माणसांना तिने त्याच उत्तरेला पाठवलं होतं. नदी बेटाला वळसा घालताना तिरकी होते, हे तिने नकाशात पाहिलं होतं. पण नकाशात पाहणं निराळं. माणसं पाट्या बघत, दुकानदाराला विचारत, पोचत. हा माणूस विचारणारा नव्हता. हा सूर्य बघणारा होता. आणि सूर्याची उत्तर म्हणजे ओदीलची पूर्व, जवळजवळ.

"मी त्यांना उत्तरेला पाठवलंय," ती म्हणाली.

"मग बरोबरच आहे की," रेजान म्हणाली.

ओदील आत धावली. टेलिफोनच्या पुस्तकात कॅफेचा नंबर शोधला. पहिल्यांदा बोट दुसऱ्याच ओळीवर गेलं. नंबर फिरवला, पण तिकडे आधीच कुणीतरी फोनवर बोलत होतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. घड्याळात दहा वाजून त्रेपन्न मिनिटं. तिसऱ्यांदा फिरवताना तिला वाटलं, आपण इथे उभं राहून मिनिटं घालवतोय. रिसीव्हर आपटून तिने कोट घेतला. एप्रन अंगावरच राहिला.

जिना उतरताना तिने कठडा धरला नाही. रेजान वरून ओरडली, "अगं, मोडशील हाडं! मग मला सांगशील सूप कर!"

मेट्रोच्या फलाटावर ती उभी राहिली नाही, येरझाऱ्या घातल्या. एक बाई तिच्याकडे बघून बाजूला सरकली. गाडी आली. बोबियां. रोझमाँ. एवढी वर्षं ही स्थानकं पटापट जायची. आज प्रत्येक ठिकाणी दारं उघडून कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखी वाटली. म्हाताऱ्याचं काय चाललं असेल? चार चौक मोजले असतील. चौथ्या चौकात समोर ला फाँतेन बाग. छपरी नाही, कॅफे नाही, झाडं आणि खारी. मग? परत फिरतील? पुढे जातील? की मुलीने फसवलं असं समजून थेट बसस्थानक गाठतील?

लोरिए. मोंरोयाल. शेरब्रुक. वर आली तेव्हा अकरा सोळा.

इथे दोन रस्ते होते. एकावर बाप, एकावर मुलगी. ओदील चौकात उभी राहिली, एक पाऊल बागेकडे टाकलं, मागे घेतलं. बाप कुठेही जाणार नाही, असं तिने ठरवलं. ठरवलं म्हणजे तशी आशा केली. साडेअकराची अट मुलीची होती. ती कॅफेकडे निघाली. गुडघा दुखत होता. दुसऱ्या चौकात दिवा लाल असताना तिने रस्ता ओलांडला. हे तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

खिडकीपाशी एकटी बसलेली बाई कोट चढवत होती. लांब हनुवटी, थेट बापाची.

"बोंझूर. ग्वेन वीब?" ओदीलला धाप लागली होती. "बसा. बसा जरा. ते आलेत. मॉन्ट्रियलमध्ये आहेत."

"तुम्ही कोण?"

"ते माझ्याकडे उतरलेत. मी त्यांना चुकीचा रस्ता सांगितला."

ग्वेनने एप्रनकडे बघितलं, मग तोंडाकडे. "त्यांनी पाठवलं का तुम्हाला? हे सांगायला?"

"नाही हो!"

"माझे बाबा रस्ता चुकत नाहीत. हिमवादळात गोठ्यापर्यंत जाऊन परत येणारा माणूस आहे तो. यायचं नसेल तर तसं सांगावं. दुसऱ्याला कशाला पुढे करायचं?"

"मी त्यांना उत्तरेला जा म्हटलं," ओदील म्हणाली. "मेट्रोतून उतरून उत्तरेला चार चौक."

ग्वेनचा हात कोटाच्या बाहीत अर्धा अडकून राहिला.

"उत्तरेला?"

"आमच्या उत्तरेला. त्यांनी त्यांची धरली असणार."

ग्वेनने बाही पुरती चढवली. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "इथे आले तेव्हा पहिला आठवडाभर मी रोज कामावर उशिरा पोचत होते. रोज. शेवटी एका बसवाल्याने सांगितलं, पोरी, वर बघू नकोस, पाटी बघ." तिने घड्याळ पाहिलं. अकरा सत्तावीस. "किती चौक सांगितले म्हणालात?"

"चार."

"मग ते चौथ्या चौकात उभे आहेत. तिथून हलायचे नाहीत. आणि कुणाला विचारणार तर अजिबातच नाहीत."

"तुमचं काम..."

पण ग्वेन दाराबाहेर पडली होती. ओदील तिच्या मागे गेली. खरं तर आता तिचं तिथे काही काम नव्हतं. परत घरी जावं असं तिला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा ती तशीच चालत राहिली.

एल्मर वीब बागेच्या कोपऱ्यावर टोपी हातात धरून उभे होते. सूर्य पाठीशी. पुढे बघत होते, जणू कॅफे उशिरा येणार आहे. ग्वेन दहा पावलांवर थांबली.

"बाबा, तुम्ही चुकलात."

ते वळले. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी चुकलेलो नाही. ही उत्तर आहे."

"इथे ती पूर्व आहे."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. पाट्यांवर लिहिलंय!"

"पाटी माणसं लावतात."

"हेच. अगदी हेच! कुणीही काही सांगितलं तरी तुमचं तेच खरं."

"मग सूर्याला विचार!"

येणारेजाणारे बघायला लागले. एक कुत्र्याला फिरवणारा माणूस थांबला. ओदीलला वाटलं, नऊ वर्षांनी भेटले आणि हे काय, हे सगळं आपल्यामुळे. वीब तिच्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. ही उत्तर आहे की नाही?"

सव्वीस वर्षं खिडकीत बसून ती एकदाही म्हणाली नव्हती की मला माहीत नाही, किंवा माझं चुकलं. ती वर बघायला लागली. डोळ्यांवर हात धरून सूर्य शोधला, तो नदीच्या बाजूला नव्हे, पार दुसरीकडेच होता. आणि तेही ती जन्मली त्या शहरात.

"तुमचीच बरोबर आहे," ती म्हणाली. "माझी चुकली. सगळ्यांची चुकलीय."

"ऐकलंस?" वीब मुलीला म्हणाले.

"ऐकलं." ग्वेनच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती चिडलेलीही होती. "आता चला. कामावर फोन करायचाय मला, आज येत नाही म्हणून."

ती पुढे चालायला लागली, एक पाऊल पुढे. थोड्या अंतरावर तिचा वेग कमी झाला. म्हाताऱ्याने टोपी घातली आणि तो तिच्या बरोबरीला गेला. ओदीलला कुणी बोलावलं नाही, तसं बोलावण्याचं कारणही नव्हतं. ती बाकावर बसली, लगेच उठली, एप्रन सोडून त्याची घडी केली आणि ती कोटाच्या खिशात कोंबली.

पाच वाजता वीब परत आले. बूट दाराशी काढले, सांगितल्याप्रमाणे. ओदीलने सुपाची वाटी पुढे ठेवली, पाव ठेवला, पाव काढून दुसरा ठेवला.

"उद्या दुपारी पुन्हा भेटतोय," शेवटी ते म्हणाले.

"कुठे? कसं जायचं ते मी..."

"नको, बाई." ते हसले की काय हे तिला नीट कळलं नाही. "ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्या घराच्या दारातच थांबा. मीच येते न्यायला."