शुक्रवारचे पीठ

लग्न होऊन मी त्सफात गावातल्या त्या सामाईक अंगणात आले, तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. पाण्याच्या टाक्याचे झाकण कधी उघडे ठेवायचे नाही. आणि शुक्रवारी रेईना मावशी दारात आली की आधी नवऱ्याशी भांडण मिटवायचे, मग पीठ घालायचे. नव्या सुनेला धाकात ठेवायच्या या युक्त्या, असे मला वाटले. आमच्या गावात सासवांना युक्त्यांचा तुटवडा कधीच नव्हता.

रेईना मावशी विधवा होती. लोकांच्या गाद्यांची लोकर पिंजून द्यायची, त्यावर तिचे पोट चाले. अंगणाभोवती चार घरे होती. एक आमचे, एक मावशीचे, समोर तिची धाकटी बहीण जोया हिचे, आणि जिन्याच्या वर उम्म फारिसचे. दर शुक्रवारी सकाळी मावशी तांब्याचा वाडगा घेऊन निघे आणि प्रत्येक ज्यू घरातून मूठभर पीठ गोळा करी. त्या सगळ्या पिठाची मिळून एक भाकर भाजली की शास्त्राप्रमाणे सारे अंगण एक घर होते आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आतली वस्तू बाहेर नेता येते. नाहीतर चमचासुद्धा उंबऱ्याबाहेर न्यायची सोय नाही. एका घराने जरी नाही म्हटले, तर ती भाकर नुसती खायची भाकर.

उम्म फारिस मुसलमान, त्यामुळे तिच्याकडून पीठ नाही. तिचा अंगणातला वाटा वर्षातून एकदा भाड्याने घ्यायचा, आणि भाडे म्हणजे मावशीने केलेला संत्र्याचा मुरंबा.

"घ्या बाई अंगण," उम्म फारिस बोटे चाटत म्हणायची. "फक्त माझ्या बोकडाला सांगू नका, तोही भाडं मागेल."

त्याच बोकडाने माझी चादर खाल्ली तेव्हा मी आणि उम्म फारिस एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरून मोकळ्या झालो आणि बोलणे बंद केले. शुक्रवारी मावशी वाडगा मांडीवर घेऊन जिन्यात बसली.

"आज मी पीठ घेणार नाही. भांडणाचं पीठ फुगत नाही. लूना, वर जा आणि सांग, बोकड वाईट आहे, तू नाहीस."

"ती म्हणेल, बोकडही गुणाचा आहे!"

"मग ऐकून घे. बोकडाचं कौतुक ऐकून अजून कुणी मेलेलं नाही."

मी गेले. तासभर बोकडाचे कौतुक ऐकले आणि येताना चीज घेऊन आले. माझा नवरा, निस्सीम त्याचे नाव, कल्हईवाला. दिवसभर भांडी ठोकून घरी येई, तो माझ्याशी भांडायलाही कान नसल्यासारखा. पण दारात मावशी वाडगा धरून नुसती उभी राहिली की त्याला हसू फुटे, आणि तो हसला की माझाही राग पळे. घरोघरी मातीच्या चुली, पण आमच्या गल्लीत त्या मावशीच्या फुंकरीने पेटत.

सगळ्यात शेवटी ती जोयाच्या दारी जाई. दार बंद. मावशी वाडगा पायरीवर ठेवी, भिंतीकडे तोंड करी आणि म्हणे, "जोया, माफ कर." दार उघडत नसे. ती थोडी थांबे, वाडगा उचले आणि परत येई.

एकदा मी खिडकीतून पाहत होते. मावशी माझ्यासमोरून गेली तेव्हा वाडग्यातले पीठ जरा जास्त दिसले, आणि त्यावर मधोमध पंजा उमटलेला होता. लहान, पाच बोटांचा. जोयाचे दार उघडलेच नव्हते. पाऊस नव्हता, तरी टाक्यापासून पायरीपर्यंत फरशीवर ओली पावले होती. माझ्या तळहाताएवढी असतील.

मी सासूला विचारले. ती तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवले.

"एस्त्रेया. जोयाची एकुलती एक. मावशीबरोबर पीठ गोळा करत फिरायची. शेवटची मूठ पडली की वाडग्यात पंजा दाबायची आणि म्हणायची, शिक्का मारला. एका शुक्रवारी रेईना टाक्यातून पाणी काढत होती. इकडे मी आणि तुझा सासरा गळा काढून भांडत होतो. आमचं मिटवायला ती झाकण तसंच उघडं टाकून धावली. परत गेली तेव्हा टाक्याच्या काठावर वाडगा होता, त्यात शिक्का होता. पोर नव्हती."

त्यानंतर किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, आदल्या दिवशी मावशीने तीन माणसे सोबत नेऊन बहिणीची माफी मागितली होती. एकदा, दोनदा, तीनदा. जोयाने तोंड उघडले नाही. तेव्हा आमचे धर्मगुरू, हाखाम, म्हणाले, "रेईना, शास्त्राप्रमाणे तू सुटलीस. आता दोष तिच्याकडे."

"तुम्ही सोडलंत," मावशी म्हणाली. "तिने कुठे सोडलंय?"

आणि त्या पंज्याचे पीठ? हाखाम म्हणाले, ते धरता येत नाही. पीठ देणारा हात जिवंत हवा.

पुढे मला रोझा झाली. पोटदुखीने दिवसभर रडणारी पोर. शब्बाथला अंगणात छान ऊन पडलेले असे आणि मी तिला घेऊन अंधाऱ्या खोलीत येरझाऱ्या घालत असे, कारण पोरीला उचलून उंबरा ओलांडता येत नव्हता. माझी सहनशक्ती संपली. एकीच्या हट्टापायी सगळ्यांनी किती वर्षे कोंडून घ्यायचे? भीती होती, पण त्याहून राग मोठा होता.

थंडीत एका शुक्रवारी मावशी तापाने पडली. मी म्हटले, आज वाडगा मी फिरवते. जोयाला चार शब्द सुनावायचे मी आधीच ठरवून टाकले होते. गावात धुके असे उतरले होते की अंगणात टाकेही दिसत नव्हते. जोयाच्या पायरीवर वाडगा ठेवला, दार वाजवले, आणि दार उघडले.

जोयाने माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही. तिची नजर माझ्या कमरेपाशी होती, माझ्या शेजारी.

"पाय पुस आधी," ती म्हणाली. मग मान वर करून मला म्हणाली, "तू घाबरू नकोस. ऐकतच नाही ती, या थंडीत ओल्या पायांनी येते."

उंबऱ्याच्या आत घडी घातलेले फडके अंथरले होते. त्यावर पाणी उमटले. मग फरशीवर एक पाऊल, पुढे दुसरे, थेट पिठाच्या डब्यापर्यंत. डब्याचे झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेले होते. मागे काहीतरी सरकल्यासारखे वाटले म्हणून वळून पाहिले, तर पायरीवरच्या वाडग्यात पंजा उमटला होता.

"हे पीठ ती कुठे नेते, ठाऊक आहे तुम्हाला?" मी विचारले.

"भूक लागत असेल. जेवायच्या आधीच गेली ना."

मी वाडगा उचलून तिच्यासमोर धरला. "इथे आणते. दर शुक्रवारी, रेईना मावशीच्या वाडग्यात."

जोयाने पंजा पाहिला आणि ती खालीच बसली. म्हणाली, "म्हणजे तिचा रेईनावर राग नाही. माझ्या एकटीचाच आहे."

"मग द्या ना एक मूठ. तुमच्या हाताने."

"आणि दिली तर?"

"तर अंगण एक होईल."

"तर ती कशाला येईल, लूना? काम उरलं नाही की पोरं थांबतात का कुठे?"

माझी पोर उन्हात यावी म्हणून मी हिची पोर मागायला आले होते. मला माझीच लाज वाटली. मी वाडगा घेऊन वळले, तर धुक्यात रजई पांघरून रेईना मावशी उभी होती. तापाने डोळे लाल झालेले. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"जोया, ती येते हे मलाही ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तू दार उघडलंस की ती यायची थांबेल, हे मलाही कळत होतं. तोंडाने माफी मागायची आणि मनात म्हणायचं, आज नको देऊस, आणखी एक शुक्रवार जाऊ दे." तिने रजई घट्ट ओढली. "काल ताप चढला, पाय बर्फासारखे झाले, तेव्हा डोक्यात आलं. आपण म्हाताऱ्या झालो, ती अजून या गारठ्यात धावतेच आहे. पोरीला किती दिवस कामाला लावायचं गं आपण दोघींनी?"

जोया उठली. डब्यातून मूठ भरली आणि वाडग्यावर धरून उभी राहिली. मूठ सुटेना. मावशीने उंबरा ओलांडला, पण बहिणीच्या हाताला हात लावला नाही, फक्त वाडगा खालून धरला.

"ताई," जोया म्हणाली, आणि मूठ उघडली.

पीठ पंज्यावर पडले आणि पंजा झाकला गेला. फरशीवरची पावले वाळू लागली. आधी डब्याजवळची, मग उंबऱ्यावरची, मग अंगणातली, टाक्यापर्यंत. आम्ही तिघी बघत उभ्या होतो. टाक्याचे झाकण बंदच होते, तरी आत काहीतरी एकदाच डुबुक वाजल्यासारखे झाले. भाकरीचे पीठ मी मळले. दोघी बहिणी शेजारी बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, शब्बाथला, मी रोझाला उचलून अंगणात आणले. उन्हात ती लगेच झोपली. जोयाने आपली खुर्ची बाहेर आणली, मावशीने आपली. वर जिन्यात उम्म फारिस उभी राहिली. ती बराच वेळ बघत होती आणि त्या दिवशी तिने बोकडाचा विनोद केला नाही.

पुढच्या शुक्रवारी जोया दार उघडून आधीच उभी होती. तिने मूठ घातली, मावशीने वाडगा जरा हलवला. पीठ सपाट राहिले. दोघी त्याकडे पाहत राहिल्या. जोयाने आत जाऊन उंबऱ्यातले फडके उचलले, गालाला लावून पाहिले.

"ताई, आता तिचे पाय कोरडे असतील, ना?"

"हो गं," मावशी म्हणाली. "आता कोरडे असतील."