नवरात्रात मी गोळ्या सोडल्या

“आली गं, आली! आई आली! हळद आणा, कुंकू आणा, मागे सरका मेल्यांनो, आईला वारा लागू द्या!”

ओरडत होत्या त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचा आवाज असा की त्या नाशिक रोडला बोलल्या तर देवळाली कॅम्पातल्या तोफांनी लाजून तोंड फिरवावं. आणि जिच्या अंगात आई आली म्हणून हा गलका चालला होता ती बाई म्हणजे मी. कॉलनीच्या मांडवात आरती अर्ध्यावर आली होती, टाळ वाजत होते, आणि मी पाटावर बसून नखशिखांत थरथरत होते. अंगावर काटा असा की कोणी बोट लावलं असतं तर टोचलं असतं. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पाय तर माझे राहिलेच नव्हते, आपले आपणच झाडले जात होते. भजनी मंडळातल्या सगळ्या बायका रांगेनं माझ्या पाया पडत होत्या. त्यात अशीही एक होती जिनं गेल्या आषाढापासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

मला मात्र पक्कं ठाऊक होतं की माझ्या अंगात कोणी आलेलं नाही. तीन दिवसांपूर्वी माझ्या अंगातून काहीतरी गेलं होतं, त्याचा हा सगळा तमाशा होता.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी मी माळ्यावरचे डबे काढताना स्टुलावरून पडले. (कॉलनीत मी हे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडल्याचं सांगत असे. स्टुलावरून पडलेल्या बाईला कोणी चहासुद्धा विचारत नाही.) मणक्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, पण दुखणं काही गेलं नाही. कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कोणीतरी तापलेली सळई घालून ठेवलीय आणि काढायला विसरलंय, असं ते दुखणं. तेव्हा डॉक्टरांनी जोरकस गोळ्या लिहून दिल्या, अफूच्या घराण्यातल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेल्या त्या गोळ्या लांबच्या आत्यासारख्या घरातच राहिल्या. दुखणं होतं तिथंच होतं, फक्त ते शेजारच्या घरात चाललेल्या भांडणासारखं लांबून ऐकू यायचं. आणि मी दिवसभर पेंगायचे. वरण करपायचं, जपाची माळ हातातून गळून पडायची, देवापुढे हात जोडले की थेट दुपारी जाग यायची. आमचे हे म्हणायचे, हिला समाधी लागते.

मग माझी मेघा बाळंतपणाला माहेरी आली आणि मला नात झाली. एका दुपारी नात माझ्या मांडीवर होती आणि मी बसल्या बसल्या झोपले. पोर घसरून खाली जायची, तेवढ्यात मेघानं झडप घालून तिला उचललं. ओरडली नाही. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते आणि विषय मिटला असता. ती एवढंच म्हणाली, “आई, तू एकटी असताना तिला घेऊ नकोस हं.” माझ्या घरात, माझ्या मांडीला बंदी! मी त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून अशी रडले की गोदावरीला पूर यावा. पण पोरीचं चुकलं काय होतं? काहीच नाही. त्याचाच तर राग येत होता.

घट बसायची वेळ आली. आमच्याकडे नवरात्रात देवीसाठी काहीतरी सोडायची रीत आहे. कोणी नऊ दिवस चपला सोडतं, कोणी गादी सोडून चटईवर झोपतं, कोणी धान्य सोडतं. जाऊबाई दर वर्षी साखर सोडतात आणि गुळाचे लाडू खातात. मी घटापुढे बसले आणि मनात म्हटलं, आई, मी गोळ्या सोडते. नऊ दिवस एकही घेणार नाही. तू माझी कंबर सांभाळ आणि माझी नात माझ्या मांडीवर दे. सोडलेलं बोलून दाखवलं की त्याचं पुण्य जातं म्हणतात, म्हणून कोणाला सांगितलं नाही. यांना नाही, मेघाला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. चप्पल सोडताना चांभाराला विचारतं का कोणी?

पहिला दिवस बरा गेला. मला वाटलं, बघा, हिला म्हणतात श्रद्धा. दुसऱ्या दिवसापासून देवीनं माझ्याकडे पाठ फिरवली. जुनं दुखणं शेजारच्या घरातून उठून आलं आणि आपल्या सगळ्या नातेवाइकांना घेऊन आलं. हाडं कोणी वरवंट्यानं ठेचावीत तशी. घाम, थंडी, पोटात मुरडा. आणि जांभया! एक मिटते न मिटते तो दुसरी, जबडा निखळेल अशा. मी देव्हाऱ्यापुढे जाऊन सरळ भांडले. म्हटलं, बाई, तुझ्यासाठी सोडलं ना मी? मग ही कसली परतफेड? इतरांच्या अनवाणी पायांना तू काटा लागू देत नाहीस, आणि माझे हे हाल? पण खरं सांगू, त्या भांडणाच्या खाली भीती होती. वाटत होतं की माझं देणं तिला नको आहे. मीच तिला नको आहे.

अशा अवस्थेत जाऊबाईंनी मला आरतीला ओढून नेलं, आणि पुढचं वर सांगितलंच.

आता बायकांचे प्रश्न सुरू झाले. एकीनं विचारलं, “आई, माझ्या पोराचं लग्न या वर्षी होईल का?” माझी मान थंडीनं लटलटत होती, तिला तो होकार वाटला. दुसरीनं विचारलं, “आई, आमच्या सूनबाईचं तोंड कधी बंद होईल?” आणि ती सूनबाई शेजारीच उभी! मी दातावर दात आपटत म्हणाले, “मला जाऊ द्या.” मला संडास गाठायचा होता हो, दुसरं काही नाही. तर जाऊबाई गरजल्या, “आई निघाली! ओटी भरल्याशिवाय सोडू नका!” आणि माझ्या पदरात नारळ, तांदूळ, खण, सुपाऱ्या पडायला लागल्या. त्या क्षणी मी मनातून देवीला म्हटलं, आता मला काही कळत नाही. मला सहन होत नाही. तुला हवं ते कर, पण कर. नवस नव्हता तो, हट्टही नव्हता. हातपाय टेकलेल्या माणसाचं बोलणं होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई कोपरांनी वाट काढत पुढे आली. साधं पातळ, हातात भाजीची पिशवी. कॉलनीतली नव्हती. तिनं पाया पडण्याऐवजी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, मनगट चाचपलं, आणि जाऊबाईंना म्हणाली, “हिच्यात देवी नाय. अंगात आलेली बाई इतक्या जांभया देत नाय.”

मांडवात अशी शांतता पसरली की घटाखालचं धान्य उगवताना ऐकू आलं असतं.

मग ती माझ्या कानाशी वाकली. “ताई, दुखण्याच्या गोळ्या कसल्या खात होता? आणि कधी बंद केल्या?” जे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. ती म्हणाली, “आमचे हवालदारबी असंच करून बसले होते. पाय गाडीखाली सापडला होता त्यांचा. लय हाल झाले. औषध असं सोडत नाय, ताई. डॉक्टरनं चढवलं, डॉक्टरलाच उतरवू द्या. उठा.”

जाऊबाई मधे पडल्या, “अहो, पण तिचं व्रत मोडेल!”

“मोडू द्या,” ती म्हणाली. “रिक्षा बोलवा.”

ओटीच्या नारळासकट मला दवाखान्यात नेलं. ती बाई, सिंधूबाई तिचं नाव, भाजीची पिशवी मांडीवर ठेवून शेजारी बसली होती. सलाईन लागलं. डॉक्टर मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, देवाधर्माचं लेखन आहे. सार एवढंच की शरीराला सवय झालेली ही गोळी एकदम तोडायची नसते, थोडी थोडी उतरवायची असते, आणि ती आपल्या मनानं नाही. त्यांनी तिथेच माझ्या हातावर एक गोळी ठेवली. नवरात्रात, घट बसलेले असताना. ती गिळताना मला वाटलं, मी जे देवीच्या पायाशी टाकायला गेले ते तिनं उचलून परत माझ्याच हातात दिलं, आणि म्हणाली, अगं, घाई कसली? आण ना हळूहळू, मी इथेच आहे.

हळूहळू म्हणजे किती हळू, ते विचारू नका. त्या वेगानं गोगलगाय येवल्याला जाऊन पैठणी नेसून परत आली असती. गोळी जराशी कमी व्हायची, मी आठवडाभर घरच्यांना फाडून खायचे, शरीर रुळायचं, मग पुन्हा जराशी कमी. मधे एकदा डॉक्टरांनी कमी करणं थांबवलं, तर मी त्यांच्याशी भांडले. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, “काकू, श्वास घ्या.” म्हणजे एरवी मी काय घेत होते? देवाला शरण जाणं म्हणजे एकदा धाडकन पायावर पडणं, असं मी समजत होते. ते असं रोज इंच इंच, चिडचिडत, कुरकुरत असतं हे मला कोणत्याही कीर्तनात सांगितलं नव्हतं.

आज गोळ्या नाहीत. दुखणं आहे. एखाद्या दिवशी सळई थंड असते, एखाद्या दिवशी तापते, पण ते आता माझ्याच घरातलं भांडण आहे आणि मी जागी राहून ते भांडते. परवा मेघा आली, नातीला माझ्या मांडीवर टाकलं आणि भाजी आणायला निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नातीनं तासभर माझे केस उपटले. कंबर ठणकत होती आणि मी देवीचं नाव घेत होते, इतक्या सुखानं पूर्वी कधी घेतलं नव्हतं.

ज्या बाईला मी मानेनं होकार दिला होता तिच्या पोराचं लग्न जमलं, हेही जाता जाता सांगते. पत्रिका माझ्या नावानं नाही, ‘आईसाहेबांना’ म्हणून आली. जाऊबाई अजून म्हणतात की त्या दिवशी आईच आली होती. मी वाद घालत नाही, फक्त ती कोणाच्या रूपानं आली त्याबद्दल माझं मत वेगळं आहे.

म्हणून या नवरात्रात मी सिंधूबाईंच्या घरी गेले, साडी-नारळ घेऊन. त्यांची ओटी भरली, वाकता येत नव्हतं तरी वाकले, आणि भरल्या डोळ्यांनी म्हटलं, “बाई, त्या दिवशी तुम्हाला मांडवात देवीनंच धाडलं होतं.”

सिंधूबाईंनी नारळ फळीवर ठेवला.

“मला कोणी धाडलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पाय दुखत होते. खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले.”